शिसे बांधते फॉस्फेट, काढते गाळणी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: विहिरीच्या पाण्याच्या तपासणी अहवालात शिसे १४० मायक्रोग्रॅम प्रति लिटर आणि सामू, म्हणजे पीएच, ६.८ आला आहे. फॉस्फेटयुक्त खनिजे शिशाला कायमचे बांधून टाकतात असे आपल्या वाचनात आले आहे. तेव्हा खत म्हणून मिळणारे रॉक फॉस्फेट किंवा भाजलेल्या हाडांचा चुरा ड्रममध्ये भरून त्यातून रोजचे दोनशे लिटर पाणी सोडले, तर ते पिण्याजोगे होईल का, आणि होणार असेल तर माल किती किलो लागेल?

माझे काम मुख्यतः धातू असलेल्या सांडपाण्यावरील प्रक्रियेचे आहे आणि त्यात ॲपेटाइट वर्गातील खनिजांचा वापर मी बराच केला आहे. त्या अनुभवावरून आधीच सांगतो की आपण वाचलेले रसायनशास्त्र खरे आहे. परंतु ‘किती किलो’ या प्रश्नाचे उत्तर इतके लहान निघते की ते दिशाभूल करते. आपल्यापुढील खरा प्रश्न वेगळा आहे. १४० वरून जागतिक आरोग्य संघटनेच्या १० मायक्रोग्रॅम या मार्गदर्शक मर्यादेच्या खाली पाणी रोज, न चुकता आणि पडताळता येईल अशा रीतीने कसे आणायचे, हा तो प्रश्न होय. सविस्तर उत्तराआधी एक तातडीची गोष्ट: हा उलगडा होईपर्यंत हे पाणी पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी आणि विशेषतः तान्ह्या मुलांचे दूध कालवण्यासाठी वापरू नये. लहान मुलांच्या शरीरात पोटातून शोषले जाणारे शिसे प्रौढांच्या तुलनेत चार ते पाच पट असू शकते. पाणी उकळूनही उपयोग नाही. वाफ निघून जाते, शिसे मागे राहते आणि उलट थोडे अधिक दाट होते.

आता रसायनशास्त्राकडे वळू. ॲपेटाइट हे कॅल्शियम आणि फॉस्फेटचे खनिज आहे. हाडांमध्ये आणि दातांमध्ये जे असते त्याच कुळातले. ते पाण्यात अगदी थोडे विरघळते आणि त्यातून फॉस्फेट सुटे होते. त्या पाण्यात शिसे विरघळलेले असेल तर ते या फॉस्फेटशी संयोग पावून पायरोमॉर्फाइट नावाचे, शिशाचे अतिशय अविद्राव्य खनिज तयार करते. पर्यावरण-रसायनशास्त्रज्ञ जेरोम न्रियागू यांनी १९७० च्या दशकात शिशाच्या फॉस्फेटांच्या विद्राव्यतेवर जे काम केले, त्यातूनच शिसे पर्यावरणात शेवटी या रूपात स्थिरावू शकते ही कल्पना पक्की झाली. पुढे १९९३ साली ओहायो स्टेट विद्यापीठ आणि अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था येथील संशोधकांनी हायड्रॉक्सीॲपेटाइट हा ॲपेटाइटचाच एक प्रकार वापरून पाण्यातील आणि दूषित मातीतील शिसे कसे जखडता येते हे दाखवले. आज या विषयावर जे काही लिहिले जाते, त्यातील पुष्कळसे या कामापर्यंत मागे नेता येते.

या खनिजांच्या विद्राव्यता-गुणाकारांचे, म्हणजे खनिज पाण्यात किती विरघळते हे दाखवणारे, आकडे पाहिले की कोणालाही मोह पडावा असेच ते आहेत; आकडा जितका लहान तितके खनिज कमी विरघळते. हायड्रॉक्सीॲपेटाइटचा सुमारे १० चा उणे ५८ वा घात, तर क्लोरोपायरोमॉर्फाइटचा सुमारे १० चा उणे ८४ वा घात. हे दोन घातांक शेजारी ठेवून ‘सव्वीस शून्यांचा फरक’ असे म्हणणारे बरेच भेटतात. मात्र प्रत्येक सूत्रात शिशाचे किंवा कॅल्शियमचे पाच अणू आहेत, त्यामुळे हा फरक पाचांत विभागला जातो आणि एका अणूमागे उरणारा फायदा मोठा असला तरी अमर्याद नसतो. शिवाय हा सर्वांत कमी आकडा क्लोराइड असलेल्या पायरोमॉर्फाइटचा आहे. पाण्यात क्लोराइड जवळजवळ नसेल तर हायड्रॉक्सी प्रकार तयार होतो आणि तो तितका अविद्राव्य नसतो. म्हणजे पाण्यातील थोडेसे मीठ या कामी मदत करते, तर पाण्यात आधीच असलेले कॅल्शियम, म्हणजे पाण्याचा जडपणा, ॲपेटाइटला विरघळू देत नाही आणि विरुद्ध दिशेने ओढतो. आपल्या अहवालात कॅल्शियम आणि क्लोराइड दिलेले नाहीत, हे मला प्रथम खटकले ते यामुळेच.

या प्रक्रियेचा वेग ठरवणारी बाब मात्र विद्राव्यता-गुणाकारात दिसत नाही. ती म्हणजे फॉस्फेट किती भरभर सुटते ही. आम्लधर्मी पाण्यात, समजा सामू ३ ते ५ च्या दरम्यान असताना, ॲपेटाइट चटकन विरघळते आणि पायरोमॉर्फाइट झपाट्याने तयार होते; शिशाचे प्रमाण लिटरमागे काही दहा मिलिग्रॅम असेल तर काही मिनिटांत पाणी दुधाळ झालेले डोळ्यांना दिसते. सामू ७ च्या जवळ आला की ॲपेटाइट जवळजवळ गप्प बसते. मग शिसे मुख्यतः त्याच्या पृष्ठभागावर चिकटून किंवा तेथील कॅल्शियमची जागा घेऊन निघते, आणि हे काम कणाचा पृष्ठभाग किती आणि पाणी त्याला किती वेळ भिडले यांवर अवलंबून राहते. आपले पाणी या दुसऱ्या प्रकारातले आहे. प्रयोगशाळेतील देखणे आलेख बहुधा पहिल्या प्रकारच्या पाण्याचे असतात आणि ते आपल्या विहिरीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

हे लक्षात ठेवून किलोचा हिशेब करून पाहू. १४० मायक्रोग्रॅम गुणिले २०० लिटर म्हणजे दिवसाला २८ मिलिग्रॅम शिसे. वर्षाला सुमारे १० ग्रॅम. कागदावरील समीकरणानुसार ५०२ ग्रॅम हायड्रॉक्सीॲपेटाइट १,०३६ ग्रॅम शिसे घेऊ शकते, म्हणजे आपल्या वर्षभराच्या शिशाला पाच ग्रॅम पुरावे! प्रत्यक्षात पूर्ण कण कधीच वापरला जात नाही. पृष्ठभागावर तयार झालेले पायरोमॉर्फाइट कणावर मुलामा चढवते आणि आतले ॲपेटाइट पाण्यापासून तुटते. म्हणून सावधपणे एका ग्रॅमला पन्नास मिलिग्रॅम एवढीच क्षमता धरली, तरी वर्षाला साधारण दोनशे ग्रॅम माल पुरतो. क्षमतेच्या दृष्टीने उत्तर पाव किलोच्याही आतले आहे.

आता हाच हिशेब वेळेच्या बाजूने करा. समजा आपल्या पाण्याला खनिजाशी वीस मिनिटांचा सहवास लागतो. हा आकडा चाचणीनेच ठरेल, येथे तो उदाहरणापुरता घेतला आहे. नळ मिनिटाला दोन लिटर सोडत असेल तर थराचे आकारमान चाळीस लिटर हवे, आणि दाणेदार रॉक फॉस्फेटच्या वजनाने ते साठ किलोच्या आसपास जाते. तेच पाणी जर वीस तासांत संथपणे, ताशी दहा लिटर या गतीने सोडून टाकीत साठवले, तर साडेतीन लिटरचा थर पुरतो. म्हणून ‘किती किलो’ याचे उत्तर शिसे ठरवत नाही, पाण्याची गती ठरवते. क्षमतेचा आकडा पाहून लहानशी नळी भरायची आणि ती धावत्या नळाला जोडायची, हा या विषयात मी पाहिलेला सर्वांत सामान्य घोटाळा आहे. पहिले काही दिवस अहवाल बरा येतो आणि मग माल जेमतेम वापरला गेलेला असतानाच शिसे पलीकडे दिसू लागते.

याहून महत्त्वाचा मुद्दा गाळणीचा आहे, आणि शीर्षकात तो मी मुद्दाम घेतला आहे. फॉस्फेट शिशाला पाण्याबाहेर काढत नाही. ते त्याला विरघळलेल्या रूपातून घन रूपात आणते. त्या घनाचा काही भाग खनिजाच्या दाण्यावरच बसतो, परंतु काही भाग पाण्यातच, अतिशय बारीक कणांच्या रूपात जन्म घेतो. पायरोमॉर्फाइटचे हे कण इतके सूक्ष्म असू शकतात की ०.४५ मायक्रॉनच्या गाळणकागदातूनही त्यांतले काही पार जातात. पाणी स्वच्छ दिसते, आणि शिसे मात्र ग्लासात तसेच असते. जठरातील आम्लात असे कण कितपत विरघळतील यावर विसंबून पिण्याच्या पाण्याची योजना कोणीही आखू नये. त्यामुळे फॉस्फेटच्या थरानंतर बारीक गाळण नसेल, तर ती योजना अर्धवट आहे असे मी समजतो. सांडपाण्याच्या कामात आम्ही हीच गोष्ट साकळणारे द्रव्य घालून, कण एकमेकांना चिकटवून, निवळण टाकीत खाली बसवून आणि शेवटी वाळूच्या गाळणीतून पाणी काढून साधतो.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण हा गोंधळ नेहमी होतो. ‘शहरांच्या पाण्यात शिशावर उपाय म्हणून फॉस्फेट घालतातच की’ असे आपल्याला कोणी सांगेल. ते खरे आहे. ब्रिटनमधील बहुतेक सार्वजनिक पाणीपुरवठ्यात ऑर्थोफॉस्फेट घातले जाते. वॉशिंग्टन शहरात २००० साली जंतुनाशक म्हणून क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरायला सुरुवात झाल्यावर नळांतील शिसे वाढले आणि २००४ साली ऑर्थोफॉस्फेट सुरू करावे लागले. अमेरिकेतीलच फ्लिंट शहरात २०१४ साली पाण्याचा स्रोत बदलताना गंजरोधक फॉस्फेटच घातले गेले नाही, आणि नळांतील शिसे लोकांच्या पाण्यात उतरले. परंतु या सर्व उदाहरणांत फॉस्फेटचे काम शिशाच्या नळाच्या आतल्या बाजूला अविद्राव्य थर धरून शिसे पाण्यात उतरू न देणे हे आहे. पाण्यात आधीच उतरलेले शिसे काढणे हे वेगळे काम आहे. एकाची मात्रा दुसऱ्याला लावू नये.

त्यावरून ओघानेच येणारा प्रश्न असा की आपल्या पाण्यात शिसे येते कोठून? आपण ते विहिरीतले आहे असे गृहीत धरले आहे. अहवालावरून तसे सिद्ध होत नाही. पितळी तोट्या, जुने डाख, शिशाचे स्थिरक असलेले पीव्हीसी नळ, पंपाचे सुटे भाग, यांपैकी कशातूनही १४० मायक्रोग्रॅम येऊ शकते. म्हणून तीन नमुने घ्या: एक रात्रभर नळ बंद ठेवून सकाळी पडणारे पहिले पाणी, दुसरा नळ काही मिनिटे वाहू दिल्यानंतरचा, आणि तिसरा थेट विहिरीतून, स्वच्छ प्लास्टिकच्या भांड्याने काढलेला. पहिल्यात शिसे भरपूर आणि उरलेल्या दोघांत नगण्य असेल, तर दोष नळजोडणीत आहे. मग विहिरीपाशी कितीही उत्तम खनिज ठेवले तरी पाणी त्यापुढच्या नळातून पुन्हा शिसे घेऊन येईल. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करावेत, एक जसाच्या तसा आणि एक ०.४५ मायक्रॉनमधून गाळलेला. दोहोंतील फरक म्हणजे कणरूप शिसे. तो फरक मोठा असेल तर फॉस्फेटचा विचार बाजूला ठेवून केवळ चांगल्या गाळणीनेच बरेचसे काम होईल.

आपले पाणी खरोखर विहिरीतूनच दूषित असेल असे धरून पुढे जातो. फॉस्फेट किती उपयोगी पडेल हे मग पाण्यातील इतर घटकांवर ठरेल. बायकार्बोनेटचे प्रमाण जास्त असेल तर शिशाचा बराच भाग कार्बोनेटशी जोडलेला राहतो आणि फॉस्फेटच्या हाती सावकाश लागतो. पालापाचोळा कुजून येणारी ह्युमिक द्रव्ये असतील तर ती शिशाला धरून ठेवतात आणि पायरोमॉर्फाइटचे स्फटिक नीट वाढूही देत नाहीत. जस्त आणि कॅडमियम असतील तर तेही पृष्ठभागावरील जागा अडवतात, जरी ॲपेटाइटची ओढ शिशाकडेच अधिक असते. जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या जागेजवळचे पाणी असेल तर सल्फेट पाहावे लागते, कारण ॲपेटाइटमधून सुटणारे कॅल्शियम दाट सल्फेटशी मिळून जिप्सम होते आणि दाण्यांवर बसते. अशा पाण्याला आधी चुन्याने उदासीन करून, निवळून, मगच उरलेल्या शिशासाठी फॉस्फेट वापरणे बरे पडते. आर्सेनिक असेल तर आणखी सावध राहावे. फॉस्फेट आणि आर्सेनेट यांची रासायनिक ठेवण इतकी मिळतीजुळती आहे की वाढलेले फॉस्फेट लोहाच्या ऑक्साइडवर बसलेले आर्सेनिक हुसकावून पाण्यात आणू शकते.

आता मालाबद्दल. खताचे रॉक फॉस्फेट पिण्याच्या पाण्यासाठी वापरण्यास माझा स्पष्ट नकार आहे. ते खाणीतून आलेले फ्लुओरॲपेटाइट असते. त्यात वजनाच्या तीन-चार टक्के फ्लोराइड असू शकते, आणि गाळाच्या खडकांतील साठ्यांत कॅडमियम, युरेनियम व आर्सेनिकही कमीअधिक प्रमाणात असतात. पिकाच्या मुळाशी चिमूटभर टाकणे वेगळे आणि त्यातून रोजचे पिण्याचे पाणी झिरपवणे वेगळे. अग्निजन्य खडकातले फॉस्फेट त्या मानाने स्वच्छ असते, पण ते इतके घट्ट स्फटिकरूप असते की उदासीन पाण्यात जवळजवळ काहीच सोडत नाही. सुपर फॉस्फेट किंवा डीएपीसारखी विद्राव्य खते तर मुळीच घालू नयेत. पाण्यात शिशापेक्षा कितीतरी जास्त फॉस्फेट आणि अमोनिया जाईल, आणि बारीक कणांचा प्रश्न आहे तसाच राहील.

भाजलेली हाडे हा त्यामानाने विचार करण्याजोगा पर्याय आहे, पण ‘भाजलेली’ या शब्दात फार वेगवेगळ्या गोष्टी मावतात. हवा कमी ठेवून साधारण ४०० ते ६०० अंश सेल्सिअसला तयार केलेल्या अस्थिकोळशात ॲपेटाइट सूक्ष्मस्फटिक राहते आणि पृष्ठभाग भरपूर असतो. फ्लोराइड काढण्यासाठी तो दीर्घकाळ वापरात आहे. उघड्या भट्टीत पांढरीशुभ्र होईपर्यंत भाजलेली हाडे दिसायला स्वच्छ, पण त्यांचे स्फटिक मोठे होऊन पृष्ठभाग घटलेला असतो. याउलट कमी भाजलेल्या हाडांत सेंद्रिय अंश उरतो, पाण्याला वास येतो आणि जिवाणूंना आयते खाद्य मिळते. आणखी एक बाब सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही: प्राण्यांच्या शरीरात गेलेले शिसे हाडांतच साठते. म्हणून कोणताही माल असो, तो आधी शिसे नसलेल्या पाण्यात चोवीस तास ठेवून त्या पाण्यात शिसे, आर्सेनिक, फ्लोराइड आणि फॉस्फेट किती उतरले ते तपासावे. माल या परीक्षेत नापास झाला तर पुढील श्रम वाचतात. नॅनो हायड्रॉक्सीॲपेटाइटची जाहिरातही आपण पाहिली असेल; शोषणाचा वेग उत्तम असतो, परंतु पूड थरात भरली की पाणी पुढे सरकत नाही आणि पाण्यात ढवळली की वेगळी करता येत नाही.

चाचणी कशी करावी हे थोडे तपशिलात सांगतो, कारण येथेच बहुतेकांचे निष्कर्ष बिघडतात. माल चाळून अर्धा ते एक मिलिमीटरचे दाणे घ्या आणि धुवणाचे पाणी नितळ येईपर्यंत धुवा; हे न केल्यास त्यातील धूळच गाळणीतून जाऊन आकडे फसवते. एक लिटरच्या पॉलिथिलीनच्या सहा बाटल्या घेऊन आपले विहिरीचे पाणी भरा. पाचांमध्ये लिटरमागे अर्धा, एक, दोन, पाच आणि दहा ग्रॅम माल टाका. सहावी बाटली मालाविना ठेवा, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. उदासीन पाण्यातले थोडे शिसे बाटलीच्या भिंतीलाच चिकटते. ही कोरी बाटली नसेल तर भिंतीने घेतलेले शिसे आपण खनिजाच्या खाती जमा करतो. बाटल्या हळू फिरत्या ठेवून अर्ध्या तासाने, दोन तासांनी आणि चोवीस तासांनी प्रत्येकीतून थोडे पाणी काढा. त्याचा अर्धा भाग गाळून आणि अर्धा न गाळता वेगळ्या लहान बाटल्यांत भरा, आणि दोन्हींत नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली न्या. आम्ल घातल्यानंतर किमान सोळा तास नमुना तसाच ठेवून मग मोजणी व्हावी, म्हणजे भिंतीला चिकटलेले आणि कणांतले शिसे पुन्हा पाण्यात येते. मोजणी प्रयोगशाळेत, अगदी कमी प्रमाणातला धातू मोजणाऱ्या आयसीपी-एमएस किंवा ग्रॅफाइट भट्टीच्या अणुशोषण यंत्रावर करून घ्या. रंग बदलणाऱ्या पट्ट्या १० मायक्रोग्रॅमच्या आसपास विश्वसनीय नसतात.

आकडे आले की प्रथम गाळलेल्या आणि न गाळलेल्या भागांतील तफावत पाहावी. गाळलेले पाणी ४ आणि न गाळलेले ६० असे आले, तर फॉस्फेटने आपले काम केले आहे आणि आता गाळणी सुधारायची आहे. दोन्ही ६० आले तर वेळ किंवा पृष्ठभाग कमी पडतो आहे. मात्रा वाढवून फरक पडत नसेल तर शिसे एखाद्या सेंद्रिय द्रव्याने किंवा कार्बोनेटने धरून ठेवले आहे अशी शंका घ्यावी. सोबत सामू, कॅल्शियम आणि फॉस्फेटही मोजावेत. एक सूचना मात्र करून ठेवतो: कॅल्शियम किती वाढले त्यावरून शिसे किती गेले हे काढण्याचा प्रयत्न आपल्या पाण्यात करू नका. १४० मायक्रोग्रॅम शिशाच्या बदल्यात सुटणारे कॅल्शियम लिटरमागे एका मिलिग्रॅमच्या शतांशात मोजावे लागेल, आणि विहिरीच्या पाण्यातील कॅल्शियमचे नेहमीचे चढउतार त्याहून कितीतरी मोठे असतात.

बाटलीतील चाचणी जमली तरच थर भरून पाहावा. त्यात पाणी खालून वर न्यावे, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत आणि पाणी भिंतीलगतची सोपी वाट धरत नाही. रुंद ड्रमपेक्षा उंच, अरुंद नळकांडे चांगले. एकाऐवजी दोन नळकांडी एकापुढे एक जोडून दोहोंच्या मधल्या पाण्याचा नमुना नियमित तपासला, तर पहिले थकल्याचे आधी कळते आणि दुसरे तोवर सांभाळून घेते. नवा थर सुरुवातीला फॉस्फेट जास्त सोडतो आणि रात्रभर थांबलेल्या थरातून सकाळी येणारे पहिले पाणी नेहमी वेगळे असते. ते सोडून द्यावे, पण तपासावे जरूर. बाहेर पडणारे फॉस्फेट तळ्यात किंवा ओढ्यात जाणार असेल तर शेवाळ माजण्याचा प्रश्न उभा राहतो, हेही विसरू नये.

माझे मत विचाराल तर फॉस्फेट खनिजांची खरी जागा जेथे पाणी आम्लधर्मी आहे, शिसे पुष्कळ आहे आणि वेळ मुबलक आहे तेथे आहे. अमेरिकेतील इडाहो राज्यात सक्सेस नावाच्या खाणीच्या टाकाऊ ढिगाऱ्याखालून झिरपणाऱ्या पाण्यासाठी २००१ साली माशांच्या हाडांपासून केलेल्या ॲपेटाइटची जमिनीखालील भिंत बसवण्यात आली. पाणी स्वतःच्या संथ गतीने तिच्यातून जाते आणि शिसे, जस्त, कॅडमियम मागे सोडते. तेथे पाणी आम्लधर्मी होते आणि भूजलाला कसलीच घाई नसते. कारखान्याच्या सांडपाण्यातही हे खनिज शोभते: दिवसाला दहा हजार लिटर पाणी आणि लिटरमागे ५० मिलिग्रॅम शिसे, म्हणजे रोजचे अर्धा किलो शिसे असेल, तर त्यावर काही किलो खनिज खर्ची घालणे व्यवहार्य ठरते, आणि निवळण व गाळण तेथे आधीपासून असतेच.

आपल्या घरासाठी मी हा मार्ग निवडणार नाही. पिण्या-स्वयंपाकाचे पाणी दोनशे लिटर नसते. ते वीस लिटरच्या आसपास असते. तेवढ्यासाठी शिशाकरिता प्रमाणित केलेला गाळणसंच किंवा आरओ संच, वापरायच्या नळापाशीच, हा अधिक भरवशाचा उपाय आहे. प्रमाणपत्रात एनएसएफ-एएनएसआय ५३ किंवा आरओसाठी ५८ या अमेरिकी मानकाखाली ‘शिसे’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे का ते पाहा. नुसते ‘५३’ पुरत नाही, कारण त्याच मानकाखाली इतर अनेक दूषितांसाठीही प्रमाणपत्र मिळते. या चाचण्या लिटरमागे १५० मायक्रोग्रॅम शिसे असलेल्या पाण्यावर घेतात. आपला १४० हा आकडा त्या मर्यादेच्या काठावर आहे, म्हणून पावसाळ्यात किंवा विहीर उपसल्यावर तो वाढतो का हे आधी पाहावे लागेल. वाढत असेल तर संचाच्या आधी फॉस्फेटचा थर आणि बारीक गाळणी लावून भार कमी करणे हा विचार योग्य ठरू शकतो, आणि वरची सारी चाचणी तेव्हा कामी येईल.

वापरून झालेल्या मालाविषयी आपण विचारले नाही, पण ते सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. तो माल बागेत टाकण्याचा मोह होईल, कारण पिशवीवर खत असे लिहिलेले असते. तसे करू नये. पायरोमॉर्फाइट झालेले शिसे स्थिर असले तरी पृष्ठभागावर नुसते चिकटलेले शिसे आम्लधर्मी मातीत सुटू शकते, आणि आपल्यासारख्या उदासीन, कमी शिशाच्या पाण्यात बरेचसे शिसे याच सैल रूपात असते. वापरलेला माल ओला ठेवून, झाकणबंद डब्यात साठवावा आणि आम्लात निक्षालनाची, म्हणजे त्यातून शिसे किती सुटते याची, चाचणी करून, तिच्या निकालाप्रमाणे घातक कचरा म्हणून किंवा साधा कचरा म्हणून सोपवावा. कोरडा करून चाळणे, फोडणे किंवा झाडणे टाळावे, कारण त्या धुळीतले शिसे पाण्यातल्यापेक्षा सहज शरीरात जाते.

तीन ठिकाणचे नमुने, गाळलेले आणि न गाळलेले, तसेच कॅल्शियम, क्लोराइड, बायकार्बोनेट, सल्फेट, लोह आणि आर्सेनिक यांचे आकडे हाती आले की येथेच लिहावे. आकड्यांसोबत नमुना कोणत्या वेळी घेतला, विहीर किती खोल आहे आणि पंप व नळ कशाचे आहेत हेही द्यावे. थराचे माप, पाण्याची गती आणि गाळणीचा प्रकार त्यावरून ठरवता येईल. शिसे नळातूनच येत असल्याचे दिसले, तर यांतले काहीच लागणार नाही आणि नळ व तोट्या बदलणे एवढेच काम उरेल.